दुसरी पंचमी

सुपारी आणायला रेवदंड्याला जायचं, काम एवढंच.

रंभाच्या मुलीचा, दिपिकाचा, साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता. रोह्याच्या बाजारातली सुपारी रंभाला पटत नव्हती. चार फोडल्या की दोन किडक्या, आणि विचारलं की दुकानदार म्हणणार, "मावशी, आत काय हाय ते मला कसं दिसंल?" न दिसायला काय झालं? रेवदंड्याच्या कोटात पोफळीच्या वाड्या आहेत, तिथला माणूस सुपारी कानाशी वाजवून देतो. एसटीनं गेली असती तर जेवायच्या वेळेला घरी आली असती. पण तिचा चुलत दीर महिपती होडीतून पेंढा घेऊन तिकडंच चालला होता, आणि रंभा म्हणाली, मी होडीनंच येते.

घरात सगळे तिच्याकडे बघायला लागले. बावीस वर्षांत या बाईनं होडीत पाय ठेवला नव्हता. खाडी दारात असून खाडीकडे पाठ करून भांडी घासायची. तिचा नवरा कमळाकर धाटावला कंपनीत होता, रात्रपाळी करून त्यानं नुकती अंथरुणाला पाठ लावली होती. तो उठून बसला.

"बरी हायस ना गो?"

"मला काय धाड भरलीय? झोपा तुमी."

झोपला बिचारा. रंभापुढं कोण बोलणार? गावात तिच्या तोंडाला सरपंच भीत होता.

पण खरं कारण चुलीशेजारच्या भिंतीवर टांगलेलं होतं. कॅलेंडर. रंभा चौथीपर्यंत शिकलेली, तेवढं वाचायला पुरतं. माघ महिन्याच्या पानावर दोन चौकटी शेजारीशेजारी होत्या आणि दोन्हींत एकच शब्द छापलेला. पंचमी. पंचमी. कधीकधी असं होतं, एकच तिथी दोन सूर्योदय बघते. शहरातल्या माणसाला त्याचं काही नाही. पण खाडीकाठचा माणूस भरती-ओहोटी तिथीवर मोजतो, त्याला फार असतं. तो त्याला दुबार दिवस म्हणतो. पहिला दिवस जित्या माणसांचा आणि दुसरा पाण्यात राहिलेल्यांचा, असं जुनी माणसं सांगत आली. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात घालायची नाही. जाळं नाही, शीड नाही, पाय धुवायलासुद्धा खाडीवर जायचं नाही.

महिपतीला वाचता येत नव्हतं. त्यानं आदल्या सांजेला विचारलं होतं, "वैनी, उद्या तिथी काय?"

आणि रंभानं त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, "षष्ठी."

आता हे खोटं ती का बोलली, ते सांगायला हवं.

रंभाला एक धाकटी बहीण होती, सगुणा. एकोणीस वर्षांची. आई लवकर गेली, तेव्हापासून रंभानंच तिला न्हाऊमाखू घातलं, तिच्या उवा मारल्या, तिला मारलंही. सगुणा तिला ताय म्हणायची, आणि तायचा शब्द म्हणजे तिच्या लेखी दगडावरची रेघ. सगुणाचं लग्न ठरलं. कासार घरी येऊन बांगड्या भरतो, पण हिला रेवदंड्याच्या कासारणीकडच्याच पाहिजे होत्या. दोघी बहिणी गावच्या होडीनं गेल्या. तेव्हा तिकडं धक्का नव्हता आणि पूलही झाला नव्हता. ओहोटीला मध्ये वाळूची लांब पुळण उघडी पडायची. होडी पुळणीच्या पलीकडे खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पुळणीवरून चालत काठाला जायची, चालत परत यायची. रंभा होडीत सामानापाशी बसली. बोटांवर तिथी मोजली. काल पंचमी, म्हणजे आज षष्ठी.

"पाणी पावणेअकराला फिरंल," ती म्हणाली. "अकरापर्यंत पुळण उघडी हाय. सावकाश ये, दुसऱ्या कुणाबरोबर जाऊ नको. उशीर झाला तर मी येते नेयाला. घाई करू नको."

पण त्या वर्षीही पंचमी दोन दिवस होती. बोटांना ते कळलं नाही. पाणी पाऊण तास आधी, दहालाच फिरलं.

सगुणा सावकाश आली. तायनं सांगितलं होतं ना, घाई करू नको. पुळणीच्या मध्यावर असताना दोन्ही बाजूंनी पाणी आलं. रंभा होडीतून ओरडत होती, आणि सगुणाला वाटलं ताय हात हलवून बोलावतेय. तिनंही हसून हात हलवला. हात कोपरापर्यंत हिरवे होते.

ती सापडली नाही. आठ दिवस माणसं शोधत होती. बाप त्या धक्क्यानं दोन वर्षांत गेला.

तोंड तिचं आधीपासून खडं होतं, पण त्यात माया होती, ती रंभा त्या पाण्यातच राहिली आणि घरी आलेली भांडकुदळ झाली. लोक म्हणतात जन्मजात होती. नव्हती.

सूर्य वर आला तेव्हा होडी सुटली. मागं पेंढ्याचा ढीग, पुढं रंभा, सुकाणूवर महिपती. त्या पट्ट्यात शीड लावणारा तोच एकटा उरला होता. बाकीच्यांनी इंजिनं बसवली. महिपती म्हणायचा, "इंजिन घेतलं की तेच बोलतं, मला बोलू देत नाय." आणि त्याला बोलायला फार लागायचं.

"वैनी, आज सोयऱ्यांसाठी सुपारी आणाया निघालीस का आमाला भाषण द्याया?"

"गप होडी हाक."

"बावीस वर्सांनी बसलीस, म्हणून इचारलं. पाण्याला बी वाटंल ना, ही कोण आली."

मीठआगरांचे पांढरे ढीग मागं पडले. तिवरांच्या मुळांतून पाणी चिकट आवाज करत उतरत होतं. शिडाचं कापड मधूनच फडाडायचं आणि परत पोट भरून गप्प व्हायचं. दोन्ही काठांवर एक माणूस नव्हता, आणि कारण ठाऊक असूनही ते तिला खटकलं. एवढी मासेमारीची वेळ, आणि खाडीत दुसरी होडी नाही. सगळ्यांच्या होड्या काठावर ओढून पालथ्या घातलेल्या.

महिपतीलाही ते दिसलं. त्याचं बोलणं कमी होत गेलं. कोर्लईचा डोंगर समोर आला तेव्हा त्यानं पाण्यात हात बुडवला आणि बराच वेळ तसाच धरला.

"ओढ कमी झाली," तो म्हणाला. "पाणी फिरायला आलंय. इतक्यात?"

"मला काय इचारतोस?"

"आज षष्ठी ना गो?"

"व्हय म्हटलं ना."

त्यानं हात पुसला. शीड ओढून होडी धक्क्याकडे वळवली.

धक्क्यावर पेंढा घ्यायला टेंपो उभा होता. वर पुलावरून ट्रक गेला. एका टपरीत रेडिओ चालू होता आणि बाहेर पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ. रंभाला हायसं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडी निराशाही झाली. जगासारखं जग होतं. मग आपण कशाला आलो?

"बाराच्या आत ये," महिपती खाली मान घालून म्हणाला. "भरती धरून परत जायचंय. निघताना शंख फुंकीन, उशीर केलास तर मी थांबायचो नाय."

रेवदंडा म्हणजे कोटाच्या पोटात वसलेलं गाव. परक्या लोकांनी बांधलेली तटाची भिंत अजून गावाला मिठी मारून उभी आहे. कुठं तिच्यात पिंपळ शिरलाय, कुठं ती गुरांना सावली देते. एक तोफ गवतात लोळत पडलेली, तिच्यावर कुणी गोधडी वाळत घातलेली. आतल्या उंच मनोऱ्याचे मजले खालून मोजता येतात आणि वर जायला जिना उरलेला नाही. रंभा हे सगळं बघत बघत चालली. वाडीत शिरली, दोन शेर सुपारी वाजवून वाजवून घेतली, वाडीवाल्याशी एका डागी सुपारीवरून भांडली, तीही बदलून घेतली. काम झालं. अजून अकरा वाजायचे होते.

परत धक्क्याकडे जायची वाट उजवीकडे होती. रंभा डावीकडे वळली.

दोन वाड्यांच्या मधून एक बोळ जातो. दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे, वर पोफळी दाटलेल्या, त्यामुळं आत उजेड हिरवा आणि थंड. कुठल्यातरी विहिरीवर रहाट करकरत होता. चालता चालता तिच्या ध्यानात आलं की रहाटाखेरीज दुसरा आवाज नाही. रेडिओ थांबला होता, पुलावरचे ट्रकही. कावळासुद्धा ओरडत नव्हता. ओल्या काथ्याचा आणि सुक्या मासळीचा वास आला, पूर्वी बंदरावर यायचा तसा. हल्ली तो येत नाही, हल्ली डिझेलचा येतो.

बोळाच्या टोकाला एका घराच्या पायरीवर कासारीण बसली होती. बायजा. पुढ्यात बांगड्यांची टोपली, कपाळावर आडवं कुंकू. बावीस वर्षांपूर्वी होती तशीच्या तशी.

रंभाचे पाय जागीच थांबले, पण तोंड नाही.

"बायजाबाय, तू मेलीस ना गो? आमाला कळलं होतं."

बायजा हसली. दात पानानं लाल.

"येशील म्हटलं होतं मी. काल तुझी भैण भरून गेली."

"काल?"

"काल पंचमी. आज बी पंचमीच." तिनं टोपलीतल्या बांगड्या बोटानं सारख्या केल्या. "लई गोड पोर. हात नुसता लोण्यावानी, एक बांगडी फुटली नाय... खाली काठाला बसलीय. म्हणती, ताय नेयाला येणार."

रंभा धावली. चेहरा बघण्यासारखा झाला असेल, पण बघायला कुणी नव्हतं. तटाच्या भिंतीला एके ठिकाणी भगदाड आहे, त्यातून वाकून ती खाली काठावर आली.

पूल नव्हता. धक्काही नव्हता. खाडी उघडी, मध्ये लांबलचक पिवळी पुळण, आणि तिच्या पलीकडे चकचकीत पाणी.

भिंतीच्या सावलीत सगुणा उकिडवी बसली होती. मांडीवर रुमालात चणे. एक एक चणा सोलून खात होती आणि सालं फुंकून उडवत होती. एकोणीस वर्षांची. गळ्यामागं केस चिकटलेले. लुगड्याचा काठ ओला.

रंभा दोन पावलांवर थबकली. बावीस वर्षं ती मनातल्या मनात या पोरीशी बोलत आली होती. चूल पेटवताना, दिपिकाची वेणी घालताना, कमळाकर घोरत असताना. शंभर वेळा माफी मागितली होती आणि शंभर वेळा रागवली होती, तुला अक्कल नव्हती का, पाणी दिसत नव्हतं का? आता ती पोर समोर बसून चणे खात होती.

सगुणानंच वर बघितलं. तिला बघून पदर सारखा केला, परक्या मोठ्या बाईपुढं करतात तसा.

"मावशी, पाणी कधी फिरंल गो?"

मावशी.

रंभा तिच्यापुढं मटकन बसली. "फिरलंय," ती कशीबशी म्हणाली. "फिरलंय पोरी. पुळणीवर जाऊ नको."

"नाय कसं! ताय म्हणली पावणेअकराला फिरंल. अकरापर्यंत पुळण उघडी हाय."

"तुझी ताय चुकली."

सगुणा खळखळून हसली. "माझी ताय? तू वळखत नाय तिला. ती चुकत नाय, आन् चुकली तरी तिला सांगायचं कुणी? तोंड बघितलंस तर पळून जाशील." आणि मग हलकेच म्हणाली, "पण माया करती. वेणी घालताना केस वडती ना, मंग मागून गुपचूप फुंकर घालती. तिला वाटतं मला कळत नाय."

रंभाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तिनं हात पुढं केला. सगुणा थोडी मागं सरकली.

"मीच गो. मीच तुझी ताय. बघ ना नीट... सगुणे..."

"काय तरीच काय." पोरीचा चेहरा पडला. "माझी ताय चोवीस वर्सांची हाय. माझं नाव कुणी सांगितलं तुला?"

"माझ्याबरोबर चल. पुळण नको, होडी इकडंच लागलीय. महिपती हाय सुकाणूवर. चल बाय. घरी जाऊ."

"तायनं सांगितलंय कुणाबरोबर जायचं नाय," सगुणा म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "ती येणार हाय मला नेयाला."

कुठूनतरी लांबून शंख वाजला. महिपती बोलावत होता. बारा वाजत आले होते. पुळणीच्या कडेनं पाण्याची एक बारीक जीभ वर चढत होती, आवाज न करता.

रंभानं ठरवलं, उचलून न्यायची. ओरडली तर ओरडू दे. ती उठली, आणि त्याच वेळी सगुणा ताडकन उभी राहिली. तिची नजर रंभाच्या खांद्यावरून मागं गेली. चेहरा असा फुलला की रंभाला तो बघवेना.

"आली बग!" ती म्हणाली. "ताये! हितं... हितं हाय मी!"

आणि ती रंभाच्या अंगाजवळून धावत गेली. गार वारा गेला नुसता.

रंभा गर्रकन वळली.

मागं भिंतीतलं भगदाड, आणि त्यात कुणी नाही. वर पुलावरून एसटी हॉर्न वाजवत गेली. धक्क्यावर टेंपोवाला बिडी ओढत होता. पुळण कुठंच दिसत नव्हती, तिच्यावर केव्हाच पाणी आलं होतं. खाली वाळूवर चण्यांची सालं होती. चार-पाच. ओली.

रंभा होडीपाशी आली तेव्हा महिपती नांगर काढून उभा होता. तिच्या चेहऱ्याकडे त्यानं बघितलं आणि तिच्या हातातली सुपारीची पिशवी घेतली. ती चढली. त्यानं वल्ह्यानं धक्का देऊन होडी बाजूला काढली, शीड सोडलं. वारा मागचा होता, भरती बरोबर होती, होडी रिकामी. बाणासारखी जायला हवी होती.

जात नव्हती.

महिपती दोनदा वाकला आणि होडीच्या बाहेरच्या अंगाला पाणी कुठवर आलंय ते बघून आला. मग तो शांतपणे म्हणाला, "वैनी, तिथी काय आज?"

रंभानं या वेळी खोटं सांगितलं नाही. "पंचमी. दुसरी."

त्यानं डोळे मिटले. शिवी देईल असं तिला वाटलं. त्यानं दिली नाही.

"कुणाला घेतलंस?"

"सगुणाला." हे म्हणताना तिच्या तोंडावर हसू आलं. तिला स्वतःलाच ते आवरेना. होडी जड झालीय म्हणजे पोर आली! रागावली, घाबरली, पण आली. पेंढ्याच्या मोकळ्या जागेकडे ती बघत होती. तिथल्या फळ्या ओल्या दिसत होत्या. "माझी भैण हाय. तिला भिऊ नको भावजी. तिनं कुणाचं काय वाकडं केलंय?"

"एकटी सगुणा?"

"एकटी."

महिपतीनं सुकाणू काखेत धरलं आणि दोन बोटं वर केली.

"मी पस्तीस वर्सं होडी मारतो. माणूस चढलं की होडी किती बसती ते मला डोळे झाकून कळतं. दोन हायत, वैनी."

"चुकतोयस तू."

"नाय."

होडी जडपणे घराकडे सरकत राहिली. रंभा मधूनच हळूच काहीतरी पुटपुटत होती, त्या मोकळ्या जागेला. बाबा गेला गो. मला मुलगी झाली, तुझ्यावर गेलीय, नाक तसंच. आपलं आंब्याचं झाड तोडलं त्यांनी. असलं काहीबाही. महिपती पुढं शिडाकडे बघत राहिला. त्याच्या मानेवर काटा उभा राहिलेला रंभाला दिसत होता.

गावच्या उतारावर होडी चिखलाला लागली. दोघंही अजून आतच बसलेली होती. आणि होडी वर उचलली गेली. एकदा. मग थोड्या वेळानं परत एकदा. एकीनं उतरून दुसरीला हात द्यावा, तशी.

महिपतीनं त्या दिवसानंतर शीड लावलं नाही. होडी काठावर पालथी घातली आणि धाटावला एका गोदामावर राखणदार म्हणून लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, कंबर दुखते.

रंभा वाट बघत होती. मागचं दार उघडं ठेवायची. भाताला दोन मुठी तांदूळ जास्त टाकायची. सगुणाला आवडायचा तसा खारातला मासा भाजायची. कमळाकर म्हणाला, "जावई आत्तापासूनच जेवाया येतो काय?" दिपिका लाजली. भात मात्र रोज उरायचा. सकाळी टोपात जसाच्या तसा, वर पापुद्रा धरलेला. रंभा तो गुरांना घालायची आणि संध्याकाळी परत दोन मुठी जास्त टाकायची. आठ दिवस असे गेले.

नवव्या दिवशी सकाळी नळावर हौसा भेटली. हौसा म्हणजे गावातली दुसरी तोंडाळ. पण त्या दिवशी तिचा आवाज चढत नव्हता. डोळ्यांखाली काळं आलेलं.

"रंभे, तुला एक इचारू? हसू नको," ती म्हणाली. "माझ्या घरात भात पुरंना गो. नेमाचा टाकते. जेवाया बसलो की दोघांचा कमी पडतो. रोज. दोघांचाच."

रंभाच्या हातातली कळशी भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही. हौसा राहत होती ते घर म्हणजे रंभाचं माहेर. बाप गेल्यावर भावानं विकलं आणि मुंबईला गेला. मग सगुणा दुसरीकडे कुठं जाणार? तिला रंभाच्या सासरचं दार माहीत असलं तरी आपलं घर ते आपलं घर. पोर सरळ घरी गेली होती.

"दुपारची आतल्या खोलीत कुजबुज असती," हौसा सांगत होती. "बायामाणसांची. मी शिरले की गप. भट बोलावणार हाय मी."

"भट नको!" रंभा ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी येते. मी बोलते तिच्याशी. मला वळखंल ती आता. घरात बघितल्यावर वळखंल."

हौसानं आपली कळशी खाली ठेवली. "ती?" म्हणाली. "दोघी हायत गो."

दुपारी रंभा गेली. हातात झाकलेली थाळी, भात आणि भाजलेला मासा. उंबऱ्यापाशी तिनं चपला काढल्या. लग्नाआधी रोज सारवायची ती पडवी, तो खांब, ती आतल्या खोलीची बुटकी चौकट. हौसा बाहेरच थांबली, आत यायला तयार नव्हती.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून ताटावर बोटं फिरल्याचा आवाज येत होता. कुणीतरी चवीनं जेवत होतं. रंभानं थाळी छातीशी धरली आणि दाराला हात लावला. आवाज थांबला.

"ताये," आतून सगुणा म्हणाली, "दारात कोण आलंय बग."

आत पाट सरकला. मग दुसरा आवाज आला, तरणा, जरा खडा, मायेनं भरलेला. रंभाला तो ओळखायला वेळ लागला नाही. तो तिचाच होता, चोविसाव्या वर्षीचा.

"कोण नाय गो. तू जेव."